साहेबांचा हँडिकॅप

"माझा हँडिकॅप अठरा आहे," ते साहेब म्हणाले आणि मी नकळत त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय चांगले धडधाकट होते. चार तास मैदानात चालून आलेला साठीचा माणूस रुमालाने मान पुसत माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याच्यात अपंगत्व शोधत होतो. आमच्या सावलीत हँडिकॅप म्हणजे एसटीतली राखीव सीट, नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यातून आणायचा दाखला. साहेबांनी माझा गोंधळ ओळखला असावा. ते हसले आणि त्यांनी मला गोल्फ समजावून सांगितला. छान सांगितला, हे कबूल करायला हवं. मी वीस वर्षं वर्गात उभा आहे, चांगलं शिकवणारा माणूस मला ओळखू येतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. पुण्याकडे एका लग्नाला गेलो होतो. माझा मामेभाऊ तिकडच्या एका गोल्फ क्लबात मैदानावर कामाला आहे. क्लबाचं नाव लिहीत नाही, भावाची रोजी आहे तिथे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "भाईजान, कल समर टूर्नामेंट है, चलो दिखाता हूँ. पर पीछे के गेट से." मागच्या गेटने आत गेलो तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. गवत कापायची मशीनं तेव्हाच फिरवून संपवावी लागतात, कारण उन्हाळ्यात सहाला सामने सुरू करून अकराच्या आत आटपायचे असतात. होलच्या भोवती जी हिरवळ असते तिचं गवत काही मिलीमीटर एवढंच ठेवतात. भाऊ त्यावरून असा चालत होता की जणू कोणाची नमाज चालू आहे आणि आपण समोरून जायचं नाही.

मी बसलो कॅडींच्या शेडमध्ये. वरती पत्रा, खाली बाक, भिंतीवर नंबरांचा फळा. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा आणि कोणत्या काठीने मारायचं ते हळूच सांगणारा माणूस. आजूबाजूच्या वस्त्यांतले तिशी-पस्तिशीचे लोक, एखाददुसरा पोरसवदा. आपला नंबर येईपर्यंत ते पत्ते खेळत नव्हते, मोबाइल बघत नव्हते. समोरच्या मैदानावर कोण कसा मारतो यावर त्यांची चर्चा चालू होती, आणि ती एखाद्या उस्तादाच्या बैठकीतल्यासारखी बारीक होती.

अकराच्या सुमारास साहेब आपला कॅडी शोधत शेडकडे आले. मी वाचत बसलेला दिसलो म्हणून त्यांनी विचारपूस केली. शिक्षक आहे, चंद्रपूरकडून आलोय म्हटल्यावर "वा, ताडोबा!" म्हणाले. आणि मग तो हँडिकॅप.

मला समजलं ते असं. गोल्फच्या मैदानात बहुधा १८ होल असतात. प्रत्येक होलमध्ये चेंडू किती फटक्यांत जायला हवा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. सगळ्यांची बेरीज साधारण ७२ येते. फटके जितके कमी तितका खेळ चांगला. आता एक जण रोज खेळणारा, त्याला ७७ फटके लागले. दुसरा आठवड्यातून एकदा येणारा, त्याला ९० लागले. पहिला जिंकला, असं आपण म्हणू. क्लब तसं म्हणत नाही. पहिल्याचा हँडिकॅप ४ असेल तर त्याचे ७७ मधून ४ वजा होतात, उरले ७३. दुसऱ्याचा हँडिकॅप १८, त्याचे ९० मधून १८ वजा, उरले ७२. कप दुसऱ्याला. सगळे टाळ्या वाजवतात. ज्याने तेरा फटके कमी मारले तोही वाजवतो.

हा आकडा कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत झाली आहे, आधी वेगवेगळ्या सहा होत्या. तुमच्या शेवटच्या २० खेळींपैकी सर्वांत चांगल्या ८ घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची. खेळ सुधारला की आकडा आपोआप उतरतो. कमाल मर्यादा ५४. आणि मला सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे यात फक्त खेळाडू मोजत नाहीत, मैदानही मोजतात. कोणतं मैदान किती अवघड याला आकडा असतो. सोप्या मैदानावरचे ९० आणि अवघड मैदानावरचे ९० हे हिशेबात सारखे धरत नाहीत.

घरी आल्यावर शब्दाचा माग काढला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांच्या वस्तूंत फरक किती हे तिसरा पंच ठरवायचा आणि पैजेचे पैसे टोपीत ठेवायचे. टोपीत हात, हँड इन कॅप. तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला: चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवायचं, म्हणजे शर्यत बरोबरीची होते. अपंग हा अर्थ फार नंतर चिकटला. म्हणजे साहेबांचा अर्थ जुना होता, माझा नवा.

हे सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी माझ्यासाठी थंड लिंबूपाणी मागवलं. बोलणं शिक्षणाकडे वळलं. त्यांच्या नातवाला मेडिकलला हवी ती जागा मिळाली नव्हती. ते म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, या देशात मेरिटला काही किंमत राहिली आहे का? कमी मार्कांचा आत जातो, जास्त मार्कांचा बाहेर राहतो. जगात कुठे असं चालतं का?"

त्यांच्या हातात दहा मिनिटांपूर्वी मला दाखवलेलं स्कोअरकार्ड होतं. त्यावर एकूण आकडा होता, वजाबाकी होती, आणि खाली दुसऱ्या खेळाडूची सही होती.

मी काही बोललो नाही. भावाची नोकरी डोळ्यांसमोर होती, हातात त्यांच्याच लिंबूपाण्याचा ग्लास होता. "जी साहेब," एवढंच म्हटलं. नागपूरपर्यंतच्या प्रवासात ते "जी साहेब" मला टोचत राहिलं. तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

साहेब, तुम्ही ज्या खेळात आयुष्याच्या सगळ्या रविवारच्या सकाळी घातल्या, तो खेळच या तत्त्वावर उभा आहे की माणसं सारखी नसतात आणि तरी त्यांना एका मैदानात खेळता आलं पाहिजे. तुमच्या १८ फटक्यांना कोणी खैरात म्हणत नाही. त्या फटक्यांमुळे मेरिट बुडालं असं रोज खेळणाऱ्यालाही वाटत नाही. उलट त्यांच्यामुळे सामन्यात चुरस येते, नाहीतर क्लबात दरवर्षी त्याच तीन माणसांनी कप नेले असते आणि बाकीच्यांनी वर्गणी भरणं सोडलं असतं.

तुम्ही म्हणाल, आमचा हँडिकॅप माणसागणिक असतो, तुमचं आरक्षण जातीगणिक, जमातीगणिक. मुद्दा खरा आहे, आणि हे मी माझ्या समाजातल्या खात्यापित्या लोकांनाही सांगतो. पण मैदान मोजायची तुमचीच पद्धत आठवा. तुमच्या नातवाने नागपुरात किंवा कोट्यात शिकवणी लावून काही गुण मिळवले. माझ्याकडे येणारं पोर मे महिन्यात पहाटे आईबरोबर तेंदूपाने तोडायला जंगलात जातं, ७० पानांचं एकेक पुडकं बांधतं, आणि वाघाच्या भीतीने सूर्य उगवेपर्यंत गटाने थांबतं. दोघांचं मैदान एक नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अवघड मैदान मिळालं त्यांचा आकडा मैदानापासूनच सुरू करावा लागतो.

आणि लबाडी? ती होते. खोटे दाखले निघतात. पण मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप वाढवून ठेवणारे आणि ऐन स्पर्धेत कप मारून नेणारे तुमच्याकडेही असतात, इंग्रजीत त्यांना खास शिवी आहे. त्यावर क्लबाने काय केलं? हँडिकॅप बंद केला नाही. कार्ड तपासायला सुरुवात केली, सोबत्याची सही घेतली.

आमच्यापुरतं बोलायचं तर २०१४च्या जुलैत राज्य सरकारने वटहुकूम काढून मुस्लिमांतल्या मागास गटांना शिक्षणात आणि नोकरीत ५ टक्के जागा दिल्या. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकरीतल्या थांबवल्या, शिक्षणातल्या चालू राहू दिल्या. मग सरकार बदललं, वटहुकुमाचा कायदा झाला नाही आणि न्यायालयाने ठेवलेलंही गेलं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे एका ओळीत सांगता येतं, म्हणून इथेही जास्त लांबवत नाही.

मला क्लबात खरी अडचण दिसली ती वेगळीच. हँडिकॅप कुंपणाच्या आतच चालतो. आत आलेल्या प्रत्येकाला मोजून सूट, आणि आत येण्याबाबत कोणतीच नाही. त्या दिवशी दुपारी शामियान्यात बक्षीस समारंभ झाला. आमरस होता, तंबोला होता, सभासदांच्या मुलांसाठी पोहण्याच्या शर्यती होत्या. सर्वांत लांब फटक्याचं बक्षीस, सर्वांत जवळच्या फटक्याचं बक्षीस, पहिल्यांदाच खेळलेल्या आजोबांचं बक्षीस. प्रत्येक विजेत्याच्या मागे एक कॅडी उन्हातून चालला होता. एकाचंही नाव पुकारलं गेलं नाही. भाऊ म्हणाला, "सोमवार को क्लब बंद रहता है ना, तब ये लोग खेलते हैं. उस दिन आते तो असली गोल्फ देखते."

त्याने हे गंमतीत म्हटलं असेल, पण भारतीय गोल्फचा इतिहास तेच सांगतो. आपल्याकडे हा खेळ फार जुना. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. पण इंडियन ओपन ही आपली मोठी स्पर्धा पहिल्यांदा जिंकणारा भारतीय व्यावसायिक खेळाडू कोण? अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेला. १९९१ साली त्याच क्लबाच्या मैदानावर त्याने ती जिंकली, १९९३ला पुन्हा जिंकली. त्याच्या आधी १९६५मध्ये पी. जी. सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. कलकत्त्याच्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील तिथल्या क्लबात हिरवळ राखायचे, माझ्या भावासारखे. २००८मध्ये दिल्लीत त्या पोराने युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली. हे दोघं मागच्या गेटने आत आलेले.

समुद्रापलीकडचा पापवा सेवगोलम तर कोणत्याही शाळेच्या पुस्तकात असायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बनचा गरीब हिंदी घरातला पोर, कॅडी, लिहिता-वाचता न येणारा. काठी धरायचा उलटी: डावा हात खाली, उजवा वर, म्हणजे जगभरचे प्रशिक्षक चूक म्हणतील तशी. मालकाने त्याला युरोपात नेलं आणि १९५९ला तो डच ओपन जिंकून आला, नंतर आणखी दोनदा जिंकली. १९६३मध्ये दर्बनला नाताल ओपन गोऱ्यांच्या बरोबरीने खेळून जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबहाउसात होते, बिगरगोऱ्याला आत पाऊल टाकायची कायद्याने बंदी. पापवाने आपला चषक बाहेर पावसात भिजत घेतला. तो फोटो जगभर छापला गेला आणि वर्णद्वेषी सरकारच्या खेळांवर बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना त्याने बळ दिलं. मैदानावर पापवा जिंकला होता. समारंभात तो हरला, कारण समारंभाला दार असतं.

आपल्या मुंबईतही दारांच्या गोष्टी आहेत. विलिंग्डन क्लब १९१८च्या सुमारास निघाला तो मुळात गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला घेत नसत म्हणून. गव्हर्नर विलिंग्डनच्या नावाचा, दोघांना खुला. हाजी अलीच्या दर्ग्याजवळच त्याचं गोल्फचं मैदान आहे. सत्तर वर्षांनी याच क्लबात, १९८८मध्ये, आपल्या पंढरपूरच्या मकबूल फिदा हुसेन यांना बाहेर जायला सांगण्यात आलं, कारण ते नेहमीप्रमाणे अनवाणी होते. दर्ग्यात चपला काढून जावं लागतं आणि शेजारच्या क्लबात बूट घालून, एवढं त्यांनी ध्यानात ठेवायला हवं होतं!

गोल्फ पाणी पितो, जमीन खातो, हे मी मुद्दाम बाजूला ठेवलं आहे. आमच्या तालुक्यातला आसोलामेंढ्याचा तलाव उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता माझ्या गावाकडे येतो, कारण दुसऱ्याच्या दारावर बोट ठेवणं सोपं असतं. सावली म्हणजे १९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक जिथे भरली होती ते खादीचं गाव. इकडे धानाची शेती. धान निघाल्यावर बांध्या मोकळ्या पडतात, एकदोन धुरे सपाट केले की क्रिकेटचं मैदान तयार. उन्हाळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात. मंडप, भोंग्यावर कॉमेंट्री, तर्री-पोहा, सीमारेषेवर खर्ऱ्याच्या पन्न्या. दार नाही, तिकीट नाही, कुणाचे बूट कोणी बघत नाही. मी कितीतरी वर्षं त्याच्या कमिटीत आहे आणि याचा मला अभिमान होता.

क्लबातून आल्यावर मात्र मी आमच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या वह्या काढल्या. अंतिम सामन्यात दरवेळी त्याच मोठ्या गावांच्या टीमा. ते लोक पैसे देऊन बाहेरचे प्लेअर आणतात. जंगलाकडच्या गावांच्या टीमा पहिल्याच सामन्यात बाद. सामना असतो सकाळी सातला, कारण त्यानंतर ऊन ४५ डिग्रीच्या वर जातं. आणि त्या पोरांची सकाळ तर तेंदूच्या हंगामाची. एक कॅप्टन साडेआठला धावत आला होता, हातांना पानांचा चीक लागलेला. "सर, पानं तोडून आलो जी, म्हणून उशीर झाला." कमिटीने समोरच्या टीमला पुढे चाल दिली होती. त्या निर्णयाच्या कागदावर माझी सही आहे. मुली तर आमच्या स्पर्धेत नाहीतच. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या क्लबाने बाईला सभासद करायला २०१४ साल उजाडू दिलं म्हणून हसायचं, तर आधी आपली वही बघावी.

या वर्षी मी कमिटीत दोन गोष्टी मांडल्या. तेंदू तोडणाऱ्या गावांचे सामने संध्याकाळी पाचनंतर ठेवायचे. आणि मागची दोन वर्षं पहिल्याच सामन्यात हरलेल्या टीमला १५ धावा आधी द्यायच्या. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीवर दोन तास भांडण. माझे एक जुने मित्र आहेत, हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं. आम्ही एका ताटात जेवलेली माणसं. ते म्हणाले, "मास्तर, फुकटच्या धावा घेऊन कोणी खेळाडू होतो काय? पोरांना लाचार करून ठेवाल तुम्ही." मी त्यांना साहेबांचा १८चा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "ते मोठ्या लोकांचे चोचले." शेवटी फक्त पहिल्या फेरीपुरता नियम ठेवू असं ठरलं.

तीन टीमांना तो लागू झाला. दोन टीमा १५ घेऊनही हरल्या, चांगल्या मोठ्या फरकाने. तिसरी ९ धावांनी जिंकली. म्हणजे हिशेब उघड होता: दिलेल्या धावा नसत्या तर हरली असती. भोंग्यावर कॉमेंट्री करणाऱ्याने ते दोनदा सांगितलंही, आणि लोक हसले. पोरांनी गुलाल उधळला नाही. मला वाटलं, मित्राचं खरं ठरलं, मी यांची मान खाली घालायला लावली.

दुसऱ्या फेरीत धावा नव्हत्या. सामना संध्याकाळचाच होता. समोर तालुक्याची टीम, बाहेरचे तीन प्लेअर घेऊन. आमची पोरं शेवटच्या षटकापर्यंत लढली आणि ४ धावांनी हरली. त्या टीमने दुसरा सामना खेळायची ही पहिलीच वेळ होती. रात्री साहित्य गोळा करत असताना त्यांचा कॅप्टन माझ्याजवळ आला. मला वाटलं, तक्रार असेल.

"सर, पुढच्या साली आम्हाले दहाच द्या जी."

कार्ड पाहून आकडा उतरवणं म्हणतात ते हेच, पण त्याला मी ते सांगितलं नाही. वहीत लिहून घेतलं. माझ्या मित्राला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, दहा कशाला, सहाच द्या. याचा अर्थ शून्यावरचा माणूस सहावर आला आहे, आता मधल्या चार धावांसाठी आम्ही वर्षभर भांडू. पुढच्या बैठकीत मुलींच्या टीमचा विषय माझ्या नावावर टाकला आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन घरांतून "सर, ये क्या नया निकाला" असे निरोप आलेच आहेत. त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे, आणि तिची धाकटी माझ्या अंगणात रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारते. डाव्या हाताने.